प्रीसेट फिरवण्याआधी: पॉवर ॲम्प्लिफायरची ॲडजस्टमेंट आणि प्रोटेक्शन हाताळताना या चुका टाळा

दुरुस्तीला आलेल्या पॉवर ॲम्प्लिफायरचे झाकण काढले की मी सर्वांत आधी प्रीसेटच्या, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवून जुळवायच्या छोट्या रेझिस्टरच्या, डोक्यावरची खाच पाहतो. ती ओरबाडलेली असेल, तर आधी कोणीतरी बिघाड न शोधताच प्रीसेट फिरवून पाहिलेला असतो. आणि बिघाड झाल्यावर स्पीकर तोडणाऱ्या रिलेच्या (विजेवर चालणाऱ्या स्विचच्या) दोन पायांवर आडवी तार सोल्डर केलेली दिसली, तर सोबत आलेल्या स्पीकरची कॉइलही मी लगेच मोजून घेतो. या दोन्ही खुणांमागे एकच गैरसमज असतो. प्रीसेट म्हणजे दुरुस्तीचे साधन आणि प्रोटेक्शन म्हणजे आवाजाच्या वाटेतला अडथळा, असे पुष्कळांना मनापासून वाटते. वास्तविक प्रीसेट दिलेला असतो तो सुट्या भागांमधला जन्मजात फरक भरून काढण्यासाठी. एखादा कपॅसिटर गळू लागला असेल किंवा ट्रान्झिस्टर अर्धवट गेला असेल, तर प्रीसेट फिरवून मीटरवरचा आकडा कदाचित जागेवर येईल, परंतु बिघाड जिथे होता तिथेच राहील आणि पुढच्या वेळी तो अधिक महागात पडेल.

बायस लावताना होणाऱ्या चुका

क्लास एबी ॲम्प्लिफायरमध्ये आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर सिग्नलचा वरचा आणि खालचा अर्धा भाग आळीपाळीने सांभाळतात. एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवले जाते त्या ठिकाणी आवाजात खरखर येऊ नये म्हणून सिग्नल नसतानाही दोघांतून थोडा करंट वाहता ठेवावा लागतो. हाच बायस किंवा आयडल करंट होय. तो थेट मोजायची गरज नसते; एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवरचा व्होल्टेज मोजला की पुरते. रेझिस्टर ०.२२ ओहमचा असेल आणि मीटर ११ मिलिव्होल्ट दाखवत असेल, तर करंट ५० मिलिॲम्पिअर आहे. इथली पहिली चूक अगदी साधी आणि अगदी नेहमीची आहे. काही सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा एका एमिटर रेझिस्टरवरचा असतो, तर काहींमध्ये दोन्ही एमिटर रेझिस्टर मिळून असतो. एका रेझिस्टरवर प्रोब लावून दोघांचा आकडा गाठला की बायस नकळत दुप्पट होतो. म्हणून मॅन्युअलमधला आकडा वाचण्याआधी टेस्ट पॉइंट सर्किटमध्ये नेमके कुठे जोडलेले आहेत, ते बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवर बोट ठेवून तपासावे.

बायस जितका जास्त तितका आवाज चांगला, ही समजूतही टिकणारी नाही. फार कमी बायसला क्रॉसओव्हरची खरखर ऐकू येते हे खरे. पण एका मर्यादेपलीकडे बायस वाढवला की दोन्ही ट्रान्झिस्टर एकत्र चालू असण्याचा पट्टा रुंदावतो आणि त्या पट्ट्याच्या कडांवर आउटपुटची चढण बदलल्यामुळे वेगळ्या प्रकारचे डिस्टॉर्शन सुरू होते. शिवाय हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि ट्रान्सफॉर्मर हे मूळ करंट धरूनच निवडलेले असतात. मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असेल तर तोच लावावा. कानाने ठरवू नये.

सर्वांत धोकादायक चूक मात्र तापमानाशी संबंधित आहे. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतो, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर तापले की तोच बायस व्होल्टेज त्यातून अधिक करंट ढकलू लागतो, त्या करंटने ते आणखी तापतात आणि चक्र सुरू होते. हे चक्र तोडण्यासाठी बायस ठरवणारा ट्रान्झिस्टर, ज्याला व्हीबीई मल्टिप्लायर म्हणतात, हीटसिंकवर किंवा थेट आउटपुट ट्रान्झिस्टरच्या पाठीवर बसवलेला असतो. आउटपुट तापले की तोही तापतो आणि बायस व्होल्टेज आपोआप उतरवतो.

सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका ॲम्प्लिफायरचे आउटपुट बदलले आणि हा छोटा ट्रान्झिस्टर पुन्हा स्क्रूने कसायचे राहून गेले. तो हीटसिंकपासून बोटभर अंतरावर हवेत तरंगत होता. मी ११ मिलिव्होल्ट लावले आणि दुसऱ्या चॅनेलकडे वळलो. काही वेळाने टेबलावरच्या सिरीज लॅम्पची, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या पॉवरच्या वाटेत जोडलेल्या बल्बची, तार हळूहळू तांबूस होत असल्याचे लक्षात आले. मीटर पाहिला तेव्हा आकडा ७० च्या घरात गेला होता आणि हीटसिंकला हात लावता येत नव्हता. हिशेब मांडला की हे का घडले ते समजते. हीटसिंक ३० अंशांनी तापली, तर दोन आउटपुट ट्रान्झिस्टर मिळून बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये १२० मिलिव्होल्टचा फरक पडतो, आणि तो दोन ०.२२ ओहमच्या रेझिस्टरांवर आला तर करंट सुमारे २७० मिलिॲम्पिअरने वाढतो. अधिक-उणे ४० व्होल्टच्या सप्लायवर ५० मिलिॲम्पिअरला ४ वॉट उष्णता होत होती, तिथे ३२० मिलिॲम्पिअरला ती २५ वॉटवर पोहोचते. सिरीज लॅम्प नसता तर नवे ट्रान्झिस्टर त्याच दिवशी गेले असते. तेव्हापासून पॉवर देण्याआधी त्या सेन्सर ट्रान्झिस्टरचा स्क्रू मी हाताने तपासतो, आणि त्याखाली थर्मल पेस्टचा पातळ थर आहे की नाही हेही पाहतो.

त्यातूनच पुढची गोष्ट येते. बायस थंड ॲम्प्लिफायरवर एकदाच लावून झाकण बंद करू नये. इनपुटला सिग्नल नसताना आणि स्पीकर काढलेला असताना आधी मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा थोडा कमी बायस लावावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे, मग नेमका आकडा लावावा, आणि झाकण ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. झाकणाखाली हवा कमी खेळते, त्यामुळे उघड्यावर स्थिर वाटणारा बायस बंद पेटीत सरकू शकतो.

प्रीसेटबद्दल एक बारकावा बहुतेक जण विचारात घेत नाहीत. व्हीबीई मल्टिप्लायरमध्ये प्रीसेट बेस आणि एमिटरच्या मधल्या बाजूला असेल, तर त्याचा सरकता संपर्क तुटल्यावर बायस किमान पातळीवर येतो आणि फक्त आवाज बिघडतो. तोच प्रीसेट कलेक्टर आणि बेसच्या मध्ये असेल, तर संपर्क तुटताच बायस कमालीचा वाढतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जातात. जुने उघडे कार्बन प्रीसेट धूळ आणि ऑक्साइडमुळे असा संपर्क सोडतात, आणि नेमके ते फिरवत असतानाच सोडतात. म्हणून जुन्या ॲम्प्लिफायरमधला असा प्रीसेट चालू स्थितीत फिरवण्याचे धाडस करू नये. पॉवर बंद करून त्याची सध्याची किंमत मोजून लिहून ठेवावी आणि त्या जागी बंद आवरणाचा, अनेक वेढ्यांचा नवा प्रीसेट त्याच किंमतीला लावून बसवावा. अनेक वेढ्यांच्या प्रीसेटची स्थिती डोळ्यांनी कळत नाही, त्यामुळे मीटरने मोजल्याशिवाय तो कधीही सोल्डर करू नये. नवे आउटपुट बसवले असतील तर प्रीसेट किमान बायसच्या टोकाला ठेवूनच सुरुवात करावी. आणि ते टोक कोणते हे सर्किट पाहून ठरवावे, कारण बेस-एमिटर बाजूच्या प्रीसेटमध्ये किमान बायस म्हणजे जास्तीत जास्त रेझिस्टन्स असतो.

मोजताना प्रोब हातात धरू नयेत. पॉवर बंद असतानाच क्लिप लावाव्यात, मीटर मिलिव्होल्टवर ठेवावा आणि मग पॉवर द्यावी. ट्रान्झिस्टरच्या पायांवर घसरलेल्या एका प्रोबने चांगला चालता चॅनेल गेल्याचे मी पाहिले आहे.

डीसी ऑफसेट शून्यावर येत नसेल तर

सिग्नल नसताना आउटपुटवर, रिलेच्या आधी, जमिनीच्या तुलनेत काही मिलिव्होल्टच असायला हवेत. हाच डीसी ऑफसेट. साधारणपणे ५० मिलिव्होल्टपर्यंतचा ऑफसेट चालवून घेतला जातो. चांगल्या स्थितीतला ॲम्प्लिफायर त्याच्या बराच खाली असतो. ऑफसेटचा प्रीसेट पूर्ण टोकाला नेऊनही आकडा खाली येत नसेल, तर तिथेच थांबावे. प्रीसेट आपल्याला सांगत असतो की फरक त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. आजूबाजूच्या रेझिस्टरचे मूल्य कमी-जास्त करून प्रीसेटचा आवाका वाढवणे ही इथली ठरलेली चूक आहे.

अशा वेळी तीन ठिकाणी पाहावे. इनपुटचा कपलिंग कपॅसिटर गळत असेल, तर आधीच्या टप्प्याचा डीसी आत येतो. इनपुट जमिनीला शॉर्ट करून फरक पडतो का आणि कपॅसिटरच्या मागे डीसी आहे का, यावरून ते उघड होते. दुसरे ठिकाण म्हणजे डिफरन्शियल जोडी, इनपुटचे दोन जुळे ट्रान्झिस्टर: दोन ट्रान्झिस्टरांपैकी एकच बदलला असेल, तर दोघांचा गेन जुळत नाही, आणि दोघे एकमेकांना चिकटलेले नसतील तर पंख्याची हवा लागूनही ऑफसेट हलतो. तिसरे ठिकाण फीडबॅकमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तो चांगला असताना ॲम्प्लिफायरचा डीसी गेन १ असतो. तो शॉर्ट झाला की डीसीलाही पूर्ण गेन मिळतो, आणि ३० पट गेन असलेल्या ॲम्प्लिफायरमध्ये इनपुटवरचे १० मिलिव्होल्ट आउटपुटवर ३०० होतात. तोच कपॅसिटर ओपन झाला तर ऑफसेट ठीक दिसतो, पण आवाज अगदी बारीक येतो. एकाच भागाच्या दोन बिघाडांची लक्षणे किती वेगळी असतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

क्रमही महत्त्वाचा आहे: आधी ऑफसेट, मग बायस, मग पुन्हा ऑफसेट. दोन्ही एकमेकांना थोडे हलवतात.

रिले ओढत नाही म्हणून रिलेच वगळणे

पॉवर दिल्यावर तीन ते पाच सेकंदांनी रिलेचा टक् असा आवाज यायला हवा. तो येत नाही, प्रोटेक्शनचा दिवा लुकलुकतो, आणि घाईतला माणूस संपर्कांवर तार टाकून स्पीकर थेट जोडतो. या एका तारेची किंमत किती? आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल डीसीला सहा ओहमच्या आसपास भरते. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन ४० व्होल्टची लाइन थेट तिच्यावर आली, तर तिच्यात २६० वॉटहून अधिक उष्णता निर्माण होते, आणि तीही सलग. कोन एका बाजूला खेचून तिथेच अडकतो, त्यामुळे कॉइलला हलून मिळणारा गारवाही मिळत नाही, आणि काही सेकंदांत वार्निशचा जळका वास येतो.

रिले वगळण्याऐवजी रिलेच्या आधी मोजावे. स्पीकर काढून ठेवावेत आणि ॲम्प्लिफायरच्या बाजूचा डीसी पाहावा. तिथे पूर्ण सप्लायच्या जवळचा व्होल्टेज असेल, तर आउटपुट किंवा त्याला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे आणि प्रोटेक्शनने आपले काम चोख केले आहे. दोन-तीन व्होल्ट असतील, तर वर सांगितलेल्या ऑफसेटच्या कारणांकडे वळावे. तिथे जवळजवळ शून्य असेल, तरच प्रोटेक्शन सर्किटवर संशय घ्यावा. मग रिलेच्या कॉइलवर व्होल्टेज पोहोचतो का, तिच्या सप्लायमधला व्होल्टेज पाडणारा रेझिस्टर ओपन झालेला नाही ना, आणि उशीर ठरवणारा कपॅसिटर गळत नाही ना, हे पाहावे. हा कपॅसिटर गळका असेल तर तो कधीच पुरेसा चार्ज होत नाही आणि रिले कायम वाट पाहत राहतो. यूपीसी १२३७ सारखी प्रोटेक्शनची आयसी असेल, तर ती बदलण्याआधी तिच्या प्रत्येक पायावरचा व्होल्टेज मोजावा. माझ्या अनुभवात आयसीपेक्षा तिच्याभोवतीचे जुने इलेक्ट्रोलिटिक अधिक वेळा दोषी निघतात.

स्पीकर जोडल्यावरच प्रोटेक्शन येत असेल, तर ॲम्प्लिफायर उघडण्याआधी स्पीकरच्या तारांची टोके पाहावीत. टर्मिनलमधून बाहेर आलेला तांब्याचा एक केसासारखा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकत असतो, आणि त्यासाठी अख्खे बोर्ड सुटे केले जाते.

रिलेचे आणखी एक दुखणे प्रोटेक्शनशी संबंधित वाटतच नाही. कमी आवाजात एक चॅनेल मंद होतो किंवा गायब होतो, आणि व्हॉल्यूम वाढवला की अचानक परत येतो. संपर्कांवर काजळी धरली की असे होते: छोटा सिग्नल तिच्यातून जाऊ शकत नाही, मोठा तिला भेदून जातो. संपर्क पॉलिश पेपरने घासणे ही तात्पुरती सोय आहे, कारण त्यांवरचा चांगल्या धातूचा पातळ मुलामा घासण्यानेच जातो. रिले बदलावा. बदलताना केवळ कॉइलचा व्होल्टेज जुळवून थांबू नये. संपर्क किती डीसी व्होल्टेज तोडू शकतात हेही पाहावे. अनेक सर्वसाधारण रिलेंचे संपर्क ३० व्होल्ट डीसीसाठीच असतात. ५०-६० व्होल्टची लाइन तोडताना त्यांच्यामध्ये ठिणगीची कमान पेटते आणि संपर्क उघडलेले असूनही करंट वाहतच राहतो. स्पीकर मधल्या संपर्काला, ॲम्प्लिफायर एरवी उघड्या असणाऱ्या संपर्काला आणि जमीन एरवी बंद असणाऱ्या संपर्काला जोडली, तर ही कमान स्पीकरमधून न जाता जमिनीकडे वळते आणि फ्यूज उडतो. स्वतः बोर्ड बनवणाऱ्यांपैकी अनेक जण ॲम्प्लिफायर मधल्या संपर्काला जोडतात, आणि प्रोटेक्शन असूनही स्पीकर जळतो.

ओव्हरकरंट प्रोटेक्शन कापून टाकू नये

काही ॲम्प्लिफायरमध्ये आउटपुटजवळ दोन छोटे ट्रान्झिस्टर असतात, जे एमिटर रेझिस्टरवरचा व्होल्टेज पाहून आउटपुटच्या बेसचा करंट काढून घेतात. हे ट्रान्झिस्टर साधारण ०.६ व्होल्टला चालू होतात. ०.२२ ओहमवर ०.६ व्होल्ट म्हणजे सुमारे २.७ अँपिअर; डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारे दोन रेझिस्टर) वापरून ही मर्यादा वर नेलेली असते आणि ट्रान्झिस्टरवरचा व्होल्टेज जास्त असताना खाली आणलेली असते. आवाज मोकळा होतो म्हणून हे ट्रान्झिस्टर काढून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. कमी इम्पिडन्सच्या स्पीकरवर ते कधी कधी अवेळी काम करतात आणि चिरचिर ऐकू येते, हे मान्य आहे. परंतु २एन३०५५ या पॉवर ट्रान्झिस्टरचे उदाहरण घ्या. त्याची कमाल शक्ती ११५ वॉट, पण तीही केसचे तापमान २५ अंश असताना. त्याच्यावर ४० व्होल्ट असताना आउटपुट शॉर्ट झाले, तर ३ अँपिअरच्या आतच ही मर्यादा संपते, आणि तापलेल्या ट्रान्झिस्टरची त्याहून बरीच आधी. फ्यूज इतक्या लवकर उडत नाही. फ्यूज ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगला आगीपासून वाचवतो. ट्रान्झिस्टरला वाचवणे त्याला जमत नाही. म्हणूनच फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज टाकणे ही दुहेरी चूक ठरते: बिघाड राहतोच, आणि शेवटचा बचावही जातो.

आउटपुट बदलताना एकच शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर काढून नवा बसवणे हेही असेच. एक गेला की सहसा त्याच्या एमिटर रेझिस्टरला, ड्रायव्हरला, बेसच्या रेझिस्टरला आणि या प्रोटेक्शन ट्रान्झिस्टरलाही फटका बसलेला असतो. सगळे मोजावे. माइका (ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधले विद्युतरोधक पातळ पान) बसवल्यावर कलेक्टर आणि हीटसिंक यांच्यात मीटरने शॉर्ट नाही याची खात्री करावी. स्क्रूच्या भोकाला राहिलेली धातूची बारीक कडही माइका फाडते.

सिग्नल नसताना हीटसिंक तापते आणि बायसचा आकडा मीटरवर स्थिर राहत नाही, असे दिसले तर आउटपुटजवळचा १० ओहमचा रेझिस्टर पाहावा, जो ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरसोबत जमिनीला जातो. तो काळा पडला असेल, तर ॲम्प्लिफायर ऐकू न येणाऱ्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर ऑसिलेट करत होता, म्हणजे स्वतःच सिग्नल निर्माण करत होता. मूळ जातीऐवजी वेगळे किंवा बनावट ट्रान्झिस्टर बसवल्यावर असे पुष्कळदा होते. इथे बायस कमी करून उष्णता लपवू नये. ऑसिलोस्कोपने आउटपुट पाहावे. ॲम्प्लिफायर ब्रिज जोडणीचा असेल, तर स्कोपची जमीन स्पीकरच्या उणे टोकाला लावू नये, कारण तेही एक चालते आउटपुट असते.

पहिल्यांदा पॉवर देताना

दुरुस्तीनंतरची पहिली पॉवर नेहमी सिरीज लॅम्पमधून द्यावी. तारेचा जुना ६० किंवा १०० वॉटचा बल्ब हवा; एलईडी बल्ब इथे चालत नाही, कारण बल्बची तार तापल्यावर तिचा वाढणारा रेझिस्टन्सच आपल्याला वाचवत असतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर पॉवर बंद करून शॉर्ट शोधावा. मात्र शेवटचा बायस बल्ब मध्ये असताना लावू नये, कारण तेव्हा सप्लाय पूर्ण व्होल्टेजला पोहोचलेला नसतो आणि थेट पॉवर दिल्यावर आकडा बदलतो.

पॉवर बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटर भरलेले असतात. ५० व्होल्टला भरलेल्या १०,००० मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरमध्ये साडेबारा ज्यूल ऊर्जा असते. स्क्रूड्रायव्हर टेकवून ती काढली की टोके वितळतात आणि ठिणगी डोळ्यांपर्यंत येते. १०० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर इन्सुलेट केलेल्या क्लिपने पाच-सहा सेकंद धरावा आणि नंतर मीटरने खात्री करून घ्यावी.

सगळे झाल्यावर दोन्ही चॅनेलचा बायस, ऑफसेट, दोन्ही बाजूंचा सप्लाय व्होल्टेज आणि तारीख एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पुढे कधी झाकण उघडेल तेव्हा बायस १२ मिलिव्होल्टवरून ३० वर गेला आहे की तो आधीपासूनच ३० होता, हे त्या कागदावरून कळेल.